भिवरा गोंदणारी आणि उंबरजाईचं कुंड

फार वर्षांपूर्वी, देवगव्हाणच्या ओढ्यावर पूल नव्हता आणि जत्रेला येणारी माणसं वहाणा हातात घेऊन पाण्यातून चालत येत, तेव्हा भिवरा नावाची एक गोंदणारी या गावात यायची. तिचं मूळ गाव कोणतं ते कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतं ती भीमेच्या काठची, कुणी म्हणतं बालाघाटाच्या डोंगरातली. चैत्री पौर्णिमा जवळ आली की गाढवावर कापडी पाल लादून ती यायची, उंबरजाईच्या देवळाबाहेर चिंचेखाली बिऱ्हाड मांडायची आणि जत्रा पांगली की निघून जायची.

तिनं पायावर विंचू गोंदला की खरा विंचू त्या माणसाची वाट सोडून बाजूला व्हायचा, असं म्हणतात. एका धनगराच्या दंडावर तिनं मोर काढला होता. आभाळ भरून यायच्या आधी त्या मोराचा पिसारा फुलायचा आणि धनगर मेंढरं आडोशाला न्यायचा, असंही म्हणतात. खरंखोटं उंबरजाई जाणे. पण तो पिसारा फुललेला पाहिला असं शपथेवर सांगणाऱ्या म्हाताऱ्या गावात होत्या, आणि त्या एरवी खोटं बोलणाऱ्या नव्हत्या.

भिवराच्या सुईखाली हात द्यायचा म्हणजे आधी तिच्या तपासणीतून जावं लागे. आलेल्या बाईला ती पहिल्यांदा विचारायची, "जेवलीस का?" उपाशी असेल तर परत पाठवायची. मग कपाळाला हात लावून ताप बघायची, रात्री झोप झाली का विचारायची, हात घासून धुऊन यायला सांगायची. एकदा एक पैलवान शिंदी पिऊन आला आणि छातीवर वाघ काढ म्हणाला.

"उद्या ये," भिवरा म्हणाली.

"आज काय झालं?"

"आज तुझं रक्त थांबायचं नाही. आणि आज तुला वाघ हवाय, उद्या शुद्धीवर आलास की शेळी हवी असंल. मग मी काय करू?"

सगळी रांग हसली. पैलवान दुसऱ्या दिवशी जेवूनखाऊन, अंघोळ करून आला आणि त्यानं मारुती काढून घेतला.

भिवराच्या सुया जाळात लाल होऊन निघत. दिव्याची काजळी ती पाल्याच्या रसात खलायची आणि टोचताना गाणं म्हणायची, म्हणजे बाईचं ध्यान दुखण्यावरून उडावं. गोंदून झालं की खोबरेलात हळद कालवून बोट फिरवायची आणि बजावायची, "उन्हात न्यायचं नाही. खाजवायचं नाही. खपली आपली आपण पडंल, नखानं काढायची नाही. आणि तोवर पाण्यात बुडवायचं नाही."

बाया माना डोलवायच्या आणि तिथून उठून सरळ कुंडाकडे जायच्या.

कारण देवगव्हाणची रीतच तशी होती. जत्रेत गोंदलेला हात त्याच दिवशी उंबरजाईच्या कुंडात बुडवायचा. त्याशिवाय गोंदण देवीला पोचत नाही, असा समज होता. चैत्रातलं कुंड म्हणजे तळाला राहिलेलं हिरवं पाणी. त्यात सगळी जत्रा पाय धुवायची, नारळाचं पाणी सोडायची, फुलं टाकायची. दरवर्षी चारदोन पोरींचे हात सुजून कोपरापर्यंत यायचे. देवी परीक्षा बघते, असं लोक म्हणायचे. आणि भिवरा तोवर पुढच्या गावाला गेलेली असायची.

पण एका वर्षी ती जरा लवकर आली. पाणी भरायला गेली तर आदल्या जत्रेत गोंदलेली एक पोर तिला पाणवठ्यावर दिसली. तिच्या हाताची बोटं मिटत नव्हती. कळशी दुसऱ्या हातानं उचलून ती कशीबशी कमरेवर घेत होती. त्या हातावरचं गोंदण भिवराचंच होतं, पण ओळखू येत नव्हतं, सगळं पसरून काळंनिळं झालं होतं. पोर हसून म्हणाली, "मावशी, देवीनं माझी परीक्षा घेतली."

भिवराला त्या दिवशी भाकरी गेली नाही. तिनं मनाशी धरलं की माझ्या सुईखालून उठलेला हात आता या पाण्यात जाऊ द्यायचा नाही. धरलं खरं, पण पोटात भीतीही होती. आपण फिरस्ती बाई. देवी गावाची. कुणास ठाऊक, देवीला खरंच पाण्यातलंच गोंदण लागत असेल तर?

त्याच वर्षीच्या जत्रेत पाटलीणबाई आपल्या नव्या सुनेला घेऊन पालाशी आल्या. सुनेचं नाव सुंद्रा. अजून हळदीचा रंग पुरता गेला नव्हता.

"जेवलीस का गं?" भिवरानं विचारलं.

सुंद्रा सासूकडे बघायला लागली. जत्रेचे पाहुणे, गडीमाणसांची पंगत, मग घरातल्या बायका, आणि सगळ्यांत शेवटी नवी सून. तिची पाळी अजून आलीच नव्हती.

"हिला आधी जेवू घाला, पाटलीणबाई. पोटभर. मग आणा."

"गड्यांच्या आधी?" पाटलीणबाईंचे डोळे मोठे झाले.

"गड्यांचं मी आत्ता कुठं गोंदायला बसलीय?"

पाटलीणबाई तणतणत गेल्या, पण भिवराकडूनच गोंदायचं हा हट्ट त्यांचाच होता. पाटलाच्या वाड्यात त्या दिवशी नवी सून सगळ्यांच्या आधी जेवली, आणि गावात असं पहिल्यांदाच घडलं, असं म्हणतात.

भिवरानं सुंद्राच्या डाव्या हातावर तुळशीवृंदावन काढलं. शेवटच्या पानाला सुंद्रा दचकली आणि ते पान जरासं तिरपं गेलं. "राहू दे," भिवरा म्हणाली, "वाऱ्यानं हललंय."

एवढ्यात देवळापुढे हलगी कडाडली. कुंडाकडे जायची वेळ झाली होती. पाटलीणबाईंनी सुनेचं मनगट धरलं आणि ओढतच नेलं. भिवरा हातातली सुई तशीच टाकून धावली. गर्दीतून वाट काढत पुढे झाली आणि कुंडाच्या पायरीवर हात पसरून आडवी उभी राहिली.

"ओल्या गोंदणाचा हात पाण्यात घालू देणार न्हाई."

देवीचा पुजारी सिद्राम गुरव पुढे आला. माणूस भला होता, पण रीत मोडलेली त्याला सोसत नसे. "भिवराबाई, बाजूला व्हा. गोंदण देवीनं बघायला पाहिजे."

"बघू दे की. तिला एवढे मोठे डोळे बसवलेत तुम्ही चांदीचे. त्यातनं दिसत न्हाई का?"

कुणीतरी फसकन हसलं. बाकीचे संतापले. "बाटवली जत्रा!" "फिरस्ती बाई आम्हाला शिकवते!" दगड उचलल्याचाही आवाज झाला. भिवरा पायरीवरून हलली नाही.

तेव्हा सुंद्रानं सासूच्या मुठीतून आपलं मनगट सोडवून घेतलं. नवी सून, डोक्यावरचा पदर अजून नाकापर्यंत, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "आत्याबाई, या हातानं मला जन्मभर तुमच्या घरच्या भाकरी थापायच्यात. मी न्हाई बुडवायची."

हलगी थांबली.  शेवटी सिद्राम गुरवानं निवाडा दिला. सुंद्रानं भिवराच्या पालात राहायचं. हात बरा झाला तर झाला. सुजला, तर देवी कोपली असं समजायचं, भिवराच्या सगळ्या सुया कुंडात टाकायच्या आणि तिनं पुन्हा देवगव्हाणची शीव ओलांडायची नाही.

आता बघा, गोंदणारीच्या सुया गेल्या की तिचा हातच गेला. त्या सुया भिवराला तिच्या आईकडून आल्या होत्या, आईला आजीकडून. पण भिवराला सुयांपेक्षा सुंद्राच्या बोटांची काळजी होती. पाणवठ्यावरची ती न मिटणारी बोटं तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

तिनं सुंद्राला पालाच्या सावलीत बसवलं. पाणी उकळून, निववून, त्यात भिजवलेल्या मऊ जुनेराच्या, म्हणजे जुन्या लुगड्याच्या, बोळ्यानं ती गोंदण हलकेच टिपायची आणि हळदतेलाचं बोट फिरवायची. चुलीपुढे बसू द्यायची नाही. खाज सुटली की सुंद्रा कळवळायची. "मावशी, एकदाच खाजवते. एकदाच!"

"नख लावलंस तर तुळशीला भोक पडंल. वरनं थोपट. तान्ह्या पोराला थोपटतात तसं."

दुसऱ्या दिवशी हात लालसर झाला. भिवरानं तो पुन्हा पुन्हा दाबून पाहिला. इतका लाल तर नेहमीच होतो. नेहमी होतो का? तिला काही आठवेना. पालाबाहेर माणसं येऊन वाकून बघत होती, कुजबुजत होती. भिवरानं देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि पुटपुटली, "बाई, चुकत असंन तर मला सांग. पोरीला नको सांगू."

ऐन दुपारी, ऊन मी म्हणत असताना, एक म्हातारी पालाशी आली. चांगली उंचनिंच, काळीसावळी, हिरवं लुगडं, कपाळभर मळवट. तिनं डावा हात पुढे केला.

"मला गोंद."

"जेवलीस का?" भिवरानं विचारलं.

म्हातारी हसली. "कुठलं जेवण, बाई! घरी ही पाहुण्यांची गर्दी. ताटं येतात, पुढून फिरवतात आणि घेऊन जातात. सगळ्यांचं बघता बघता माझ्या तोंडात घास न्हाई."

"मग आधी बस."

भिवरानं तिच्यापुढे भाकरी आणि कांदा ठेवला. म्हातारी अशी जेवली की जणू तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणी बसवून वाढलं होतं. मग तिनं सुंद्राच्या हाताकडे बोट केलं. "हिच्यासारखंच काढ. ते पान तिरपं आहे ना, तेही तसंच."

भिवरानं सुई टोचली तर ठिणगी उडाली, असं म्हणतात.

"काय गं ही कातडी! दगड बरा. अंगाला कधी तेल लावतेस का न्हाई?"

"लावतात की. पण मायेनं कुणी लावत न्हाई, उरकतात."

भिवरानं तिच्या हाताला कोमट तेल चोळलं, पुष्कळ वेळ, कातडी मऊ होईपर्यंत. मग गोंदलं. म्हातारीनं हूं की चूं केलं नाही. फक्त एकदा डोळ्यांत पाणी आलं. झाल्यावर भिवरानं नेहमीसारखं बजावलं, "खपली पडेपर्यंत पाण्यात घालायचं न्हाई. कुणी केवढाही मोठा माणूस सांगू दे."

"पण मला रोज अंघोळ घालतात."

"घालतात? तुला हातपाय न्हाईत का?"

"आहेत गं. पण हलवायची रीत न्हाई आमच्यात."

"मग त्यांना सांग, हात सोडून घाला म्हणावं. जीभ तर हलते ना चांगली!"

सुंद्रा तोंडाला पदर लावून हसत होती. म्हातारीही खळखळून हसली, उठली, आणि देवळाच्या बाजूनं उन्हात चालत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्राम गुरवानं देवीच्या डोक्यावर पाण्याची घागर ओतली. पाणी खांद्यापर्यंत आलं आणि तिथून फाकलं. डाव्या हातावर एक थेंब पडेना. त्यानं दुसरी घागर ओतली, तिसरी ओतली. हात कोरडाच. गुरवाला घाम फुटला. त्यानं समई जवळ नेली आणि पाहिलं, तर काळ्या पाषाणाच्या हातावर ओलसर हिरवं तुळशीवृंदावन होतं, कडेनं जरासं सुजलेलं, वर हळदीचं बोट फिरवलेलं. आणि एक पान तिरपं.

तो तसाच ओलेत्यानं चिंचेकडे धावला. मागोमाग सगळी जत्रा. भिवराला वाटलं, सुया न्यायला आले. तिनं सुयांची थैली उचलून पुढे धरली. गुरवानं थैलीकडे पाहिलंही नाही. त्यानं सुंद्राचा हात बघितला, ते तिरपं पान बघितलं आणि भर उन्हात मातीत बसला.

"भिवराबाई," तो म्हणाला, "देवीच्या हाताला आता काय लावायचं, तेवढं सांगा."

भिवराला म्हातारी आठवली, आपण तिला काय काय बोललो तेही आठवलं. तिनं सुयांची थैली खाली ठेवली. मग म्हणाली, "हळद आणि खोबरेल, दादा. पण उरकू नका. मायेनं लावा."

सुंद्राची खपली यथावकाश आपली आपण पडली. खाली गोंदण असं उमटलं होतं की पाटलीणबाई स्वतः सुनेचा हात धरून घरोघर दाखवत फिरल्या. त्या हातानं सुंद्रानं पुढे नातवंडांना, पतवंडांना भाकरी थापून घातल्या. भिवरा त्यानंतरही पुष्कळ वर्षं येत राहिली. एका वर्षी आली नाही. ती कुठे गेली हे कुणी सांगत नाही. उंबरजाईनं तिला आपल्या घरी ठेवून घेतलं, असं म्हणतात.

आजही जत्रेच्या दिवशी देवगव्हाणात नव्या सुना पहिल्या पंगतीला बसतात आणि गडीमाणसं थांबतात. ज्या बाईनं गोंदून घेतलं तिच्या घरी खपली पडेपर्यंत चूल सासू सांभाळते. कुंडाच्या काठावर उभं राहून कोरडा हात नुसता देवीच्या दिशेनं वर करायचा, एवढंच उरलंय. आता गोंदायला शहरातून मशीनवाली पोरं येतात. पण देवगव्हाणात दुकान मांडायचं तर त्यांना आधी चिंचेखाली नारळ फोडून, भिवराच्या नावानं एक भाकरी आणि कांदा ठेवावा लागतो.

आणि देवीला नैवेद्य दाखवला की ताट लगेच उचलत नाहीत, दार ओढून घेऊन बाहेर बसतात. जत्रेनंतर काही दिवस देवीचं स्नान होतं ते डावा हात सोडून. त्या हाताला गावातल्या एखाद्या घरचं मऊ जुनेर गुंडाळलेलं असतं आणि गावातल्या सुना पाळीपाळीनं येऊन त्याला हळदतेल लावतात. परगावचा कुणी विचारतो, हे काय, देवीचा हात का झाकलाय? तेव्हा देवळात खेळणारं गावातलं कुठलंही पोर मान ताठ करून सांगतं, "गोंदलंय आमच्या देवीनं. हात लावू नका, खपली पडायचीय अजून."