चौकाबाहेरचा ठिपका

करवंदपाड्यावर भिंतीवर पिठाने लिहिलेला लग्नाचा चौक पाहाल, तर त्याच्या डाव्या कोपऱ्याबाहेर तांदळाच्या पिठाचा एक ठिपका दिसेल. बाजारात विकायला जाणाऱ्या चित्रांत तो नसतो. कितीही मोल द्या, मिळायचा नाही. असे का, ते पाड्यावरची जुनी माणसे पाहुण्यांना सांगतात.

फार पूर्वी इथे जिवली आणि रुपली या दोघी जावा नांदत होत्या. जिवली थोरली. धाकटी रुपली माहेराहून आईची नक्षी हातात घेऊन आली आणि जो तो चौक लिहायला तिलाच बोलावू लागला. जिवलीच्या अंगाचा तिळपापड झाला. काल आलेल्या पोरीने चौक लिहायचा आणि आपण तिच्यासाठी पीठ कालवायचे! हेव्याने माणूस आंधळा होतो म्हणतात. जिवलीची नजर मात्र त्याने तीक्ष्ण केली. एका लग्नघरी कुडाच्या फटीतून तिने रुपलीची रेघ न् रेघ टिपली आणि स्वतःच्या लेकीच्या लग्नात, कुणाला न विचारता, तोच चौक लिहिला. अगदी हुबेहूब, कोपऱ्याबाहेरच्या ठिपक्यासकट.

लग्न लावणारी धवलेरी भिंतीसमोर बसून गाऊ लागली. ती एकेक रेघ नावाने गाते, तेव्हा कुठे पालघट देवी चौकात येते. गाणे ठिपक्याशी येऊन थांबले.

“यो कोनाचा?” तिने विचारले.

जिवलीने ठिपका टिपला होता, त्याचे नाव नव्हे. नाव नाही तर गाणे नाही, गाणे नाही तर लग्न नाही. वऱ्हाड ताटकळले, हळदीतली लेक रडकुंडीला आली. शेवटी भर मांडवात थोरलीला धाकटीपुढे जाऊन विचारावे लागले. रुपली हसली नाही, आणि तेच म्हणे जिवलीला जास्त झोंबले.

“तो देवाचा नाय, बाय,” रुपली म्हणाली. “त्या लग्नघरी चौक लिवताना माझी आय गेल्याचा सांगावा आला. हात हालला, पीठ सांडला. आता लिवलाच आहे, तर आयच्या नावानं गाऊ दे.”

धवलेरीने गायले, देवी आली, लग्न लागले. जिवलीच्या लेकीच्या चौकावर जावेच्या आईचे नाव कायमचे बसले.

म्हणून ठिपका मागून मिळतो, विकत नाही; आजही तो ठेवायचा तर आधी रुपलीच्या घरी जाऊन विचारावे लागते. तिथे कुणालाच नाही म्हणत नाहीत. जिवलीच्या घरच्या बायकाही जातात, विचारतात, आणि परतताना म्हणे एवढेच पुटपुटतात, “एकदा तरी नाय म्हनाले असते, तर बरा होता.”