धाकूच्या बंधाऱ्यातली माहेरवाट

नाही पाहुणे, बंधारा फुटलेला नाही. त्या अंगाला हातभर फट दिसते ना, ती मुद्दाम ठेवलेली आहे. मागे एक साहेब आले होते, म्हणाले, दोन पोती सिमेंटात बुजवून टाकू. आम्ही त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. या फटीला आम्ही माहेरवाट म्हणतो.

पूर्वी सावरी नदीवर इथे दरसाल दिवाळीनंतर माती-पेंढ्यांचा बांध घालायचे. अडलेल्या पाण्यावर वायंगणी, म्हणजे उन्हाळी भात व्हायचं आणि पावसाळ्यात पूर बांध घेऊन जायचा. गाव कंटाळलं होतं. तेव्हा धाकू पाथरवटाने गावदेवी वाघजाईपुढे नारळ ठेवून शब्द दिला म्हणे, ‘असा दगडी बंधारा बांधीन, की थेंब गळायचा नाही. गळला तर पुन्हा हातोडा धरणार नाही.’ माणूस हट्टी, पण हाताला तोड नव्हती. तीन उन्हाळे तो खपला. पुरुषभर उंच भिंत उभी राहिली आणि खरंच थेंब गळला नाही.

पहिल्या वर्षी गावाने त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. दुसऱ्या उन्हाळ्यात अडलेल्या पाण्यावर हिरवी साय धरली, वास सुटला, गुरं तोंड लावीनात. खाली भोयांच्या वाडीशी नदी कोरडी पडली. मातीचा बांध झिरपायचा म्हणून खालची नदी जगायची, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. धाकूला सांगायला जावं तर तो म्हणायचा, ‘माझ्या भिंतीत खोट दाखवा.’ खोट नव्हतीच, तीच तर पंचाईत.

पुढच्या मृगात नदीला लाल पाणी आलं आणि वलगण चढली. वलगण म्हणजे अंड्यांनी भरलेले मासे उगमाकडे निघतात ती. त्याच दिवशी धाकूची एकुलती लेक आवडी पहिल्या बाळंतपणाला सासरहून नदीकाठाने वर येत होती. दिवस भरत आले होते. बंधाऱ्याशी ती थबकली. खडस मासे उड्या घेत होते, भिंतीवर आपटत होते, पडून पुन्हा उडी घेत होते. पायथ्याशी फुटलेल्या अंड्यांचा थर तरंगत होता.

आवडी तिथेच दगडावर बसली. धाकू धावत आला, तर म्हणाली, ‘बाबा, मी भरल्या पोटानं माहेराला आल्येय. ही पन तशीच आल्यात. माला दार उघडं नि ह्यांना भिंत? ह्यांना वाट होईस्तवर मी घरात पाय टाकायची नाय.’

पाणी चढत होतं आणि तिला कळा सुरू झाल्या. देवीला दिलेला शब्द असा, की भिंत फोडली तर जन्मभराची विद्या गेली. नाही फोडली तर लेक गेली. धाकू छिन्नी-हातोडा घेऊन पाण्यात उतरला आणि आपली निशाणी कोरलेला दगडच त्याने आधी फोडला. हातभर वाट झाली, पाणी सुटलं, आणि पहिली खडस त्या वाटेतून वर गेली. तेव्हाच आवडी उठली. दिवे लागायच्या आत तिला मुलगी झाली, असं सांगतात.

हातोडा धाकूने देवीपुढे ठेवला तो ठेवलाच. उन्हाळ्यात पाणी अडवायला त्या वाटेत फळ्या बसवायच्या खाचा त्याने दुसऱ्याकडून कोरून घेतल्या, स्वतः शेजारी हात मागे बांधून बसून. डावी खाच वाकडी गेलेली दिसते पाहा. त्याच्या मनाला केवढं लागलं असेल! पण त्याने हात लावला नाही.

आजही दिवाळीनंतर फळ्या बसतात, पण खालची फळी बोटभर वर ठेवतात, म्हणजे खालच्या नदीला पाणी राहतं. मृगाच्या तोंडावर बाळंतपणाला आलेली लेक त्या फळ्या काढते, आणि वलगण चढते ते आठ दिवस भोयांची जाळी खुंटीला असतात. यंदा गावात एकही लेक बाळंतपणाला आली नाही. सगळ्यांची नावं शहरातल्या दवाखान्यांत, माझ्या नातीचंसुद्धा. मग फळ्या मीच काढल्या आणि इथे बसून राहिलो. वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या दिवशी पाणी लाल झालं, आणि पोटुशी खडस या फटीतून माझ्या पायाला घासून वर गेली. मी तिला म्हटलं, ‘ये गो बाय, घर तुझाच हाय.’