वेणीखालची सावली

एकदा एका तालुक्याच्या रुग्णालयात एक वयोवृद्ध क्ष-किरणतज्ज्ञ होते. माणसांच्या छातीची छायाचित्रे वाचण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर शिकत असे. शिष्य कष्टाळू होता, हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे त्याला पक्के ठाऊक होते. विद्येच्या वाटेवर ही तिसरी गोष्ट जरा लवकरच आली होती.

त्या वर्षी रुग्णालयात कृत्रिम बुद्धीचे यंत्र आले. छायाचित्र पडद्यावर उमटले की ते क्षणात संशयाच्या जागेभोवती लाल चौकट काढी आणि खाली रोगाचे नाव लिही. शेवटचा शब्द मात्र डॉक्टरचाच असे. शिष्याला ते यंत्र सवतीसारखे वाटे. यंत्राचे म्हणणे बरोबर निघाले की हा गप्प बसे आणि चुकले की दिवसभर शीळ घालत फिरे.

एके सकाळी वैजयंता नावाची एक तरुण बाई आली. गावातल्या पाळणाघरात तिला मुले सांभाळण्याचे काम मिळाले होते. दुसऱ्या दिवशी रुजू व्हायचे, त्यासाठी प्रकृती निरोगी असल्याचा दाखला हवा होता. नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, त्यामुळे घराची सारी आशा त्या दाखल्यावर होती. तिला ना खोकला होता, ना ताप. पण तिचे छायाचित्र पडद्यावर आले आणि यंत्राने उजव्या फुप्फुसाच्या शेंड्यावर चौकट काढून लिहिले : क्षयाची शंका.

शिष्याने निरखून पाहिले आणि त्याला हसूच फुटले. ती सावली फुप्फुसापाशी थांबतच नव्हती. ती तशीच वर मानेपर्यंत गेली होती आणि तिच्यात पेडांसारख्या तिरप्या रेघा होत्या. त्याने दारातून बाहेर डोकावले. बाकावर बसलेल्या वैजयंताची जाड वेणी उजव्या खांद्यावरून पुढे आली होती. आपल्याकडच्या बायका असा फोटो काढताना मंगळसूत्र काढायला तयार नसतात, वर ओढून दातांत धरतात. ते ओढताना मध्ये येणारी वेणी तिने पुढे घेतली होती आणि ती तिथेच राहिली होती.

"जा ताई, काही झालेलं नाही तुम्हाला," तो मोठ्या मनाने म्हणाला. "थोडं थांबा, दाखला देतो. उद्यापासून बिनधास्त कामाला जा."

"देवासारखे भेटलात हो," ती म्हणाली आणि तिने पदराने डोळे टिपले.

शिष्य तडक गुरूंकडे गेला. "सर, बघा या यंत्राची अक्कल! दोरीला साप म्हणतंय. वेणीला क्षय झालाय म्हणे!"

गुरूंनी चष्मा सारखा करून पाहिले. "वेणीच आहे," ते म्हणाले. "छान ओळखलीस."

शिष्य सुखावला. तेवढ्यात गुरू उठले, बाहेर गेले आणि वैजयंताला म्हणाले, "बाई, केस वर घेऊन घट्ट अंबाडा बांधा. आणखी एक फोटो काढायचाय."

वैजयंता गोंधळली. तिच्याहून अधिक शिष्य गोंधळला. "सर, वेणी आहे हे तुम्हालाही पटलंय ना?"

"पटलंय की."

"मग परत फोटो कशाला?"

"वेणी बाजूला करायला," गुरू म्हणाले आणि खुर्चीत स्वस्थ बसून राहिले. म्हातारपणी माणूस उगाच अडून बसतो, असे शिष्याच्या मनात आले.

दुसरे छायाचित्र आले. पेडांची ती सावली नाहीशी झाली होती. पण ती जिथे होती तिथे, गळ्याच्या हाडाआड, कापसाच्या पुंजक्याएवढा एक अंधुक डाग शिल्लक होता. यंत्राने त्याच्याभोवती चौकट काढली.

गुरू शांतपणे म्हणाले, "यंत्र वेणीला फसलं, की त्याला वेणीखालचं दिसलं होतं, हे मला सांगता येणार नाही. ते चौकट काढतं, कारण सांगत नाही. पण दोरीला साप समजणं ही जशी चूक, तशी दोरी ओळखली म्हणजे तिच्याखाली साप नाहीच असं धरून चालणं, हीसुद्धा चूकच. आणि ती हुशार माणसाच्याच हातून होते. तुला त्या बाईची छाती तपासायची होती, बाळा. तू यंत्राची फजिती बघत बसलास. ती दिसली आणि तुझं बघणं संपलं." मग ते म्हणाले, "थुंकीची तपासणी झाल्याशिवाय रोगाचं नाव घ्यायचं नाही. पण दाखला आज देता येणार नाही. हे तिला तूच सांग."

शिष्य बाहेर आला आणि वैजयंताच्या शेजारी बाकावर बसला. थुंकी तपासावी लागेल, दाखला आज मिळणार नाही, हे त्याने तिला सांगितले.

"अहो, मघाशी तर काही नाही म्हणालात," ती म्हणाली.

यंत्राचा घोटाळा झाला, हे वाक्य त्याच्या जिभेवर आले होते. त्याने ते गिळले. "मघाशी मी नीट बघितलं नाही, ताई. चूक माझी आहे. क्षय निघाला तरी तो औषधानं बरा होतो. तोवर तुमची जागा राखून ठेवा, असं मी स्वतः पाळणाघरात जाऊन सांगतो."

वैजयंताने रिकाम्या मांडीवर हात ठेवले. "बरं झालं, आज कळलं," ती हळूच म्हणाली. "उद्या लोकांची तान्ही लेकरं मी या मांडीवर घेतली असती."

शिष्य उठला आणि पाळणाघराच्या वाटेला लागला. दुसऱ्याची चूक सापडल्याचा आनंद ज्याला आवरता येतो, त्यालाच त्या चुकीच्या पलीकडचे दिसते.