अर्जात बांधलेल्या भाकरी

"...मग चूक कोणाची, आक्का? माझी कशी?"

दिगंबर केंजळेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. आक्का चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

गावामागच्या टेकाडावरच्या मठीत आक्का एकट्या राहत. दिगंबर सहा वर्षं दर गुरुवारी त्यांच्यापाशी येऊन बसे. आपण त्यांचा एकुलता एक शिष्य, याचा त्याला अभिमान होता. त्याहून मोठा अभिमान होता आपल्या यंत्राचा.

त्याच्या घरामागं बारमाही ओढा. जुना पाण्याचा पंप उलटा फिरवून त्यानं त्या ओढ्यावर घरच्या घरी वीज काढली होती. ती वीज कंपनीच्या तारांना जोडायची परवानगी मिळावी म्हणून त्यानं तीन वर्षं हेलपाटे घातले. अखेर परवानगी आली, पण एका अटीवर. मध्ये एक पेटी बसवायची. बाहेरची लाइन गेली, की ही पेटी दिगंबरच्या यंत्राला तारांपासून आपोआप तोडणार.

ही अट त्याला पहिल्या दिवसापासून टोचत होती.

आश्विनात वादळ झालं. वाडीच्या तोंडाशी तार तुटली आणि दोन दिवस सगळीकडं अंधार झाला. पेटीनं आपलं काम केलं; घरही त्याच तारांवर, म्हणून यंत्राची वीज घरालाही मिळेना. मागं ओढा दुथडी भरून वाहतोय आणि दिगंबरच्या घरात मेणबत्ती. घरची वीज असलेला माणूस बघा, म्हणून शेजारी हसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दिगंबरनं पेटी उपटून काढली आणि तारा सरळ जोडून टाकल्या. ओसरीतला दिवा लागला. त्याच तारेवरच्या शेजारच्या दोन घरांतही लागले. आता हसा म्हणावं, असं त्याच्या मनात आलं.

त्याच दुपारी वायरमन बाबालाल मुलाणी डीपीचा खटका पाडून, म्हणजे लाइन बंद करून, वाडीच्या तोंडाशी खांबावर चढला. मेलेली समजून त्यानं तार धरली. तिच्यात दिगंबरची वीज होती.

कमरेच्या पट्ट्यानं लटकून राहिला, म्हणून वाचला. दोन्ही तळवे भाजले.

कंपनीनं दिगंबरचं कनेक्शन तोडलं. तालुक्याचे साहेब चार लोकांत त्याला नको ते बोलले. तेव्हापासून त्याच्या डोक्यात जाळ होता. नियम काय सांगतो? वायरमननं तार आधी तपासायची, तिच्यावर साखळी टाकून ती जमिनीशी जोडायची आणि मगच हात लावायचा. बाबालालनं यातलं काही केलं नव्हतं. दिगंबरनं नियमाचा आकडा शोधून काढला होता, अर्ज लिहिला होता. बाबालालवर कारवाई करा. खाली आक्कांची सही हवी होती, कारण आक्कांचा शब्द त्या खोऱ्यात कोणी मोडत नसे.

बाबालाल कंत्राटावरचा माणूस. असा अर्ज गेला, तर त्याला परत कामावर घेणार नाहीत, हे दिगंबरला पक्कं माहीत होतं.

आक्कांनी अर्ज वाचून दाखवायला सांगितला. त्यानं वाचला. निष्काळजी हा शब्द त्यात चार वेळा आला.

"अंधार झाला, की खांबावर कोणीतरी चढणार. हे तुला ठाऊक होतं?" आक्कांनी विचारलं.

दिगंबर अर्जाची घडी घालू लागला.

"दिगंबर."

"ठाऊक होतं. पण नियमानं त्यानं..."

आक्कांचे हात थांबले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि तो चुलीच्या धगीनं नव्हे. सहा वर्षांत त्यानं त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं.

त्यांनी त्याच्या हातातून अर्ज ओढून घेतला. जमिनीवर पसरला. त्यावर दोन गरम भाकरी ठेवल्या, भाकरीवर तेल घातलेला ठेचा, आणि कागदाची पुडी करून तिला सुतळी बांधली.

"बाबालालला नेऊन दे. तुझ्या हातानं भरव."

दिगंबर चिडला. अर्जाची दुसरी प्रत नाही, दोन दिवस बसून लिहिलाय, असं तो बोलत राहिला. आक्कांनी त्याच्याकडं पाठ केली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यापर्यंत तो धुसफुसत गेला. पुडी ठेवायची आणि निघायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं.

बाबालाल खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. त्याची बायको औषधं आणायला गेली होती. पुडी सोडायला दुसरं कोणी नव्हतं. दिगंबरनंच सोडली.

बाबालालनं भाकरीकडं पाहिलं नाही. तो कागदाकडं पाहत होता. तेलानं डागळलेल्या कागदावर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. भाकरीच्या कडेकडेनं जेवढं दिसलं, तेवढं त्यानं सावकाश वाचलं.

"साखळी टाकायला हवी होती," तो म्हणाला. "लिहिलंस ते खरंय. बाकी सगळीकडं टाकतो मी."

दिगंबर सुटलेली सुतळी गुंडाळत राहिला.

"वरून तुझ्या ओसरीतला दिवा दिसत होता. वाटलं, बॅटरीवर लावला असेल... बरं वाटलं मला."

मग त्याचा आवाज चढला.

"ती पेटी मी बसवली होती, दिगंबर. या हातांनी. साहेब परवानगी द्यायला तयार नव्हता. त्याच्यापुढं उभं राहून मी सांगितलं, माणूस सरळ आहे, पेटीला हात लावणार नाही. म्हणून तुझ्या तारेवर साखळी टाकली नाही मी."

दिगंबरनं भाकरीचा तुकडा मोडला. ठेच्याला लावला. बाबालालच्या तोंडापाशी नेला.

बाबालालनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"तुझ्या हातचं नको."

त्याची बायको आली. नवऱ्याचं बोलणं तिनं दारातूनच ऐकलं होतं. तिनं कागदासकट भाकरी उचलून दिगंबरच्या ओंजळीत ठेवल्या आणि दाराकडं बोट दाखवलं.

परतीच्या वाटेवर दिगंबर राग शोधत राहिला. सकाळी तो साहेबावर होता, शेजाऱ्यांवर होता, बाबालालवर होता. आता त्यातल्या एकावरही तो ठरेना, आणि विझेही ना.

दिवस मावळायच्या आत तो मठीत पोचला. भाकरी कडक झाल्या होत्या. तेलानं अर्जातली अक्षरं पसरली होती. त्यानं घडलं ते सगळं आक्कांना सांगितलं, स्वतःची बाजू न घेता. माफी मागितली नाही, हेही सांगितलं.

आक्का ऐकत होत्या.

"उद्या पुन्हा जातो," तो म्हणाला. "रोज जातो... त्याचा राग जाईपर्यंत."

"त्याचा राग त्याच्यापाशी राहू दे," आक्का म्हणाल्या. "उद्याची भाकरी तू थाप."