उधाणाखालची हद्द

पूर्वी समुद्रकाठच्या वेलापूर नगरात चंडवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कोळ्यांच्या कुळात जन्मला आणि पुढे त्या गावाचा तांडेल, म्हणजे कोळ्यांचा म्होरक्या, झाला. गावाशेजारच्या खाडीत तिवरांचं रान होतं. तिथे मासे अंडी घालत, बगळे पिलं वाढवत, म्हणून जुन्या राजांनी त्या रानाला अभय दिलं होतं. हद्दीवर खुंट रोवले होते. गावच्या कोळ्यांनी गळ टाकायचा तो खुंटांबाहेर, आत कोणी पाऊल टाकायचं नाही, अशी रीत.

राजकन्येचं लग्न ठरलं, तेव्हा परगावचे जाळेवाले राजाला म्हणाले, "ह्या गळवाल्यांच्याने पंगत निभेल होय? खाडी आम्हाला द्या."

राजाने तांडेलाला बोलावलं. "उद्याच्या भरतीला पुरुषभर लांबीचा जिताडा मासा आणून दाखव. नाही आणलास, तर खाडी त्यांची."

दुसऱ्या दिवशी तांडेल होडी घेऊन निघाला. वल्ह्यावर त्याचा मेव्हणा पिंगळ होता. मनाचा सरळ, पण डोक्याने भडकू. उधाणाची भरती, त्यामुळे खुंट पाण्याखाली गेलेले. अंदाजाने नांगराचा दगड सोडून दोघे बसले. कितीतरी वेळ काहीच लागेना. आणि मग असा हिसका बसला की होडीच फिरली! पिंगळने घाईघाईने नांगर वर ओढला. झुंज चालली, हात सोलून निघाले, पण अखेर जिताडा होडीत आला. केवढा तो मासा!

"भावोजी, जिंकलो! गाव वाचलं!" पिंगळ नाचायचाच बाकी होता.

तांडेल मात्र नांगराच्या दगडाकडे पाहत होता. त्याला काळा चिखल चिकटला होता. हद्दीबाहेर तळाला सगळी वाळू. असा चिखल फक्त तिवरांत. भरतीने नांगर फरफटत आत नेला होता.

"धुऊन टाकतो दगड," पिंगळ म्हणाला. "कोणाला कळतंय?"

"आपल्याला कळलं ना," असं म्हणून तांडेलाने गळ सोडवला आणि मासा पाण्यात सोडला. पिंगळ रागाने रडू लागला.

किनाऱ्यावर राजा होता, सारं गाव होतं. तांडेलाने घडलं ते जसंच्या तसं सांगितलं.

"हात हलवत आला, आणि वर गोष्टी सांगतोय!" जाळेवाले हसले.

तेव्हा पिंगळ पुढे आला. "महाराज, मासा मी ह्या डोळ्यांनी पाहिला. लपवू या, असं मीच म्हणालो. ह्यांनी ऐकलं नाही. खाडी जायची तर जाऊ दे, पण असा तांडेल दुसऱ्या कुठल्या गावात असेल तर दाखवा!"

राजा जाळेवाल्यांना म्हणाला, "खाडी तुम्हाला दिली तर पहाऱ्याला किती माणसं ठेवू? ह्याच्यावर एकही नको. खाडी ह्यांचीच."

"आणि पंगतीचं काय, महाराज?" आचाऱ्याने विचारलं.

"वालाची आमटी कर!"

किनाऱ्यावर एकच जल्लोष झाला, आणि पिंगळची छाती अभिमानाने फुलली.

विहारातल्या भिक्षूंना ही गोष्ट सांगून त्यांचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पिंगळ म्हणजे आज तुमच्यात बसलेला, चटकन तापणारा हा भिक्षू. राजा म्हणजे हा विहार बांधून देणारे वृद्ध उपासक. तांडेल मीच होतो. कोणी पाहत नसताना सत्य पाळलं, ती त्या जन्मीची माझी सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."