तुंगाचा रस्ता

जनावरांनी पहिलंवहिलं शहर वसवलं, त्या काळची गोष्ट. नगरप्रमुख हत्तीने आराखडा आखला आणि तळ्याकाठची झाडं तोडून भला रुंद फरसबंद रस्ता केला. घोडे, हरणं खूश झाली. म्हाताऱ्या तुंगा कासविणीचं घर मात्र रस्त्याच्या अलीकडे राहिलं आणि तळं पलीकडे.

एका सकाळी ती तळ्याकडे निघाली. दुपारपर्यंत फरशी तव्यासारखी तापली. अर्ध्यावर तिचे पाय उचलेनात. घोडे भरधाव जाऊ लागले, तशी तिने मान आत ओढून घेतली. तेवढ्यात अंगावर सावली पडली. पाहते तर हत्ती.

"तुंगाआजी, भर रस्त्यात का थांबलात?"

"थांबले कुठे बाबा? सकाळपासून चालतेच आहे. तुझा रस्ताच सरत नाही."

हत्ती तिच्या बाजूला आला. मग तिच्यावर सावली धरून तो तिच्याच चालीने चालू लागला. मागे घोडे खोळंबले, कुरकुरले. पलीकडे पोचेपर्यंत हत्तीचेही तळवे पोळले.

त्याने आराखडा बदलला. रस्ता निम्मा केला आणि उरलेल्या जागेत करंजाची रोपं लावली.

तेव्हापासून तुंगा तळ्यावरून परतताना पाठीवर ओला गाळ आणून रोपांच्या बुडाशी टाकू लागली.

"आजी, तुम्ही कशाला त्रास घेता?" हत्तीने विचारलं.

"माझ्यावर तू सावली धरलीस," तुंगा म्हणाली. "तू म्हातारा होशील, तेव्हा तुझ्यावर कोण धरणार?"