कामापुरता वर्ग

त्या मुलखात पाखरांना दोन भाषा लागत. एक घरट्यातली, जी अंड्याच्या कवचातूनच ऐकू येते, आणि दुसरी सरोवराची. मुलखातल्या नद्या फाल्गुनात आटत आणि मग पाणी उरे ते एका सरोवरात. ते हंसांच्या ताब्यात होतं. सरोवरबोली येणाऱ्यालाच तिथे उतरू दिलं जाई. हा नियम हंसांनी केला, की त्यांच्या वतीनं दुसऱ्याच कुणी, हे कुणाला सांगता येत नसे. पण तो मोडून पाहायलाही कुणी गेलं नव्हतं.

म्हणून चिंचेवर शाळा होती. चार वर्षं, चार फांद्या. पहिल्या फांदीवर शब्द, दुसरीवर गोष्टी, तिसरीवर वादविवाद किंवा पत्रलेखन यांतलं जे आवडेल ते, आणि चौथीवर हंसांच्या पूर्वजांची कवनं. चारही फांद्या सरोवरबोलीच्याच आणि चारही सक्तीच्या. उडणं, घरटं बांधणं, वारा ओळखणं हे विषय ऐच्छिक होते, त्यांना फारसं कुणी बसत नसे. चार फांद्या पार केल्या की हंसाचं एक पांढरं पीस मिळे. ते दाखवलं की पाण्यात उतरता येई.

ज्यांना हे झेपणार नाही असं वाटे, त्यांच्यासाठी बुंध्याशी आणखी एक वर्ग भरे. त्याचं नाव कामापुरता वर्ग. तिथे ‘या, बसा’, ‘आपली काय सेवा करू’, ‘कृपया इकडे लक्ष द्या’ अशी चाळीस वाक्यं शिकवत. शेवटी अर्धं पीस मिळे. अर्ध्या पिसावर सरोवराच्या काठाला काम लागे, आणि इतरांचं पिऊन झालं की पाणीही मिळे.

कोण फांदीवर जाणार आणि कोण बुंध्याशी, हे साळुंकीबाई ठरवत.

बाईंनी तो अधिकार कष्टानं मिळवला होता. त्या स्वतः गुरांच्या पाठीवरच्या गोचिड्या वेचणाऱ्या घरातल्या. लहानपणी सरोवराच्या वाटेवरच्या एका खुंटावर बसून त्यांनी सहा उन्हाळे हंसांचं बोलणं ऐकलं आणि हुबेहूब उचललं. त्या पाठमोऱ्या बसून बोलल्या तर हंसच बोलतोय असं वाटे. त्यातलं त्यांना कळलं किती, हे कुणी विचारलं नव्हतं. कधीतरी कुणी विचारेल, याची मात्र त्यांना धास्ती असे.

त्या वर्षी फांदीवर तीस जागा होत्या. एकोणतीस भरल्या. शेवटच्या जागेसाठी दोन पिल्लं उरली. एक मोराचा धाकटा, दुसरी नदीच्या कोरड्या पात्रात राहणारी टिटवी, हौसा.

मोराचा धाकटा ‘सुप्रभात’ म्हणाला आणि अजून न फुटलेला पिसारा फुलवल्यासारखा उभा राहिला. हौसाला फांदीवर उभं राहणंच जमेना. टिटवीच्या पायाचं मागचं बोट नावापुरतं असतं, त्यानं फांदी धरता येत नाही. ती घसरत होती, पंख मारून पुन्हा सावरत होती. तिचं प्रत्येक वाक्य शेवटी ‘टिटिव’ असं वर उडे आणि रांगेतली पिल्लं हसत. तरी ती बोलली. मोडक्यातोडक्या सरोवरबोलीत तिनं सांगितलं की तिची आई गोट्यांमध्ये अंडी घालते, आणि ती अशी दिसतात की घारीलाही दोन पावलांवरून ओळखू येत नाहीत. मग तिनं विचारलं, “बाई, गोट्यासारखं दिसणाऱ्या अंड्याला सरोवरबोलीत काय म्हणतात?”

बाईंना तो शब्द ठाऊक नव्हता.

त्या क्षणी त्यांना दोन गोष्टी एकदमच उमगल्या. ही पोर भाषा नुसती उचलत नाहीये, तिच्यात विचार करतेय. आणि ही फांदीवर आली, तर चार वर्षं असंच काहीबाही विचारत राहील.

वरच्या डहाळीवर शाळेचे मुख्य, बगळेसर, एका पायावर उभे होते. दुरून ते हंसासारखे दिसत आणि शक्यतो दुरूनच दिसत. ते हळूच म्हणाले, “यंदा मोरांनी चिंचेभोवती आळं करून दिलंय, बाई. असू द्या लक्षात.”

बाईंनी मोराच्या धाकट्याचं नाव फांदीच्या यादीत घातलं. हौसाच्या नावापुढे लिहिलं, ‘जीभ जड. कामापुरता वर्ग.’

दुसऱ्या दिवशी हौसाचा बाप भिवा चिंचेखाली आला. वर मान करून बराच वेळ उभा राहिला, तेव्हा बाई खाली उतरल्या.

“बाई, पोरीला फांदीवर घेतलं असतं तर लई बरं झालं असतं,” तो म्हणाला. “घरी दिवसभर तुमचीच भाषा घोकत असती.”

“तिच्या भल्यासाठीच सांगते, भिवा,” बाई म्हणाल्या. “फांदीवर तिचे हाल होतील. जीभ जड आहे तिची.”

भिवानं मान खाली घातली. मग म्हणाला, “आमच्यात कुणालाच कळत न्हाई त्यातलं. तुमी म्हनता म्हंजी तसंच आसंल.” आणि वाकून, आभार मानून गेला. बाईंना वाटलं होतं तो भांडेल. तो भांडला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना संध्याकाळपर्यंत वाटत राहिलं.

दुपारचा कामापुरता वर्ग बाईच घेत. हौसानं चाळीस वाक्यं आठवड्यात पाठ केली. राहिलं होतं ते फक्त शेवटी उडणारं ‘टिटिव’. ते ऐकू आलं की बाई चोचीनं बुंध्यावर टकटक करत आणि म्हणत, “शेपूट काढ.” हौसा पुन्हा म्हणे. पुन्हा टकटक. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर शेपूट गेलं. बाईंनी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. हौसा हसली नाही. गोट्यासारख्या अंड्याचा शब्द तिनं पुन्हा कधी विचारला नव्हता, आणि बाईंना त्यानं हायसंही वाटे, लाजही वाटे.

चौथ्या वर्षीच्या चैत्रात भिवा पुन्हा आला. या खेपेला त्याच्या पंखांवर धूळ होती आणि तो मान वर करायलाही थांबला नाही.

“बाई, एक इचारायचं व्हतं. जीभ सुटायचं काही औषध आसतं का?”

“का, काय झालं?”

“मुंगूस आलं व्हतं. भर दुपारी. आमी दोघं किडं टिपाया गेलतो, हौसा राखणीला व्हती. तिनं पयल्यांदा बघितलं त्याला, पार लांबनं. पर ती वरडलीच न्हाई.”

बाई त्याच्याजवळ सरकल्या.

“म्हनती, शेपटाबिगर कसं वरडायचं ते आठवत व्हते. मग मुंगूस पार जवळ आलं तवा म्हनाली, कृपया इकडे लक्ष द्या.” भिवानं पंखावरची धूळ झटकली. “आमी हाकेच्या टप्प्यातच व्हतो, बाई. आवाज आला आमाला. आमास्नी वाटलं, सरोवराच्या काठावरचं कुनीतरी बोलतंय. चार अंडी व्हती.”

चिंचेवर चौथ्या फांदीची कवनं चालू होती. मोराच्या धाकट्याला मधली ओळ आठवत नव्हती, तो तीच ओळ पुन्हा पुन्हा सुरू करत होता.

“तुमच्यावर बोल न्हाई,” भिवा म्हणाला. “तुमी आधीच सांगितलं व्हतं, जीभ जड हाय म्हनून. येवढी जड आसंल आसं वाटलं नव्हतं.”

तो गेल्यावर बाई थेट बगळेसरांकडे गेल्या. “हौसाचं नाव मी चुकीच्या वर्गात घातलं,” त्या म्हणाल्या. “मला तेव्हाच माहीत होतं. ते खोडून फांदीवर घ्या.”

बगळेसरांनी पाय बदलला. “चार फांद्यांची अट आहे. तिची एकही झालेली नाही. आणि एक नाव खोडलंत, तर बाकीचीही वाचावी लागतील. तुमच्या अक्षरातली सगळी, बाई. वाचायची आहेत?”

बाई परत आपल्या डहाळीवर येऊन बसल्या. वाचायची गरजच नव्हती, नावं आपोआप आठवत होती. लावी, तित्तीर, चंडोल, भाटतित्तीर. बुंध्याशी धाडलेलं पिल्लून् पिल्लू जमिनीवर राहणारं होतं. प्रत्येकाच्या नावापुढे त्यांनी जिभेविषयी काही ना काही लिहिलं होतं. पायांविषयी कुणाच्याच लिहिलं नव्हतं.

सकाळी त्या नदीच्या पात्रात उतरल्या. गोटे तापायला लागले होते. हौसा एका रिकाम्या खळग्यापाशी उभी होती. थोड्या अंतरावर तिची आई पाठ करून बसली होती.

“हौसा,” बाई म्हणाल्या, “तुझी जीभ जड नव्हती. कधीच नव्हती. तू विचारलेला शब्द मला येत नव्हता, म्हणून मी तसं लिहिलं. आणि जागा दुसऱ्याला द्यायची होती.”

हौसानं त्यांच्याकडे पाहिलं. रागावेल, रडेल, असं बाईंना वाटलं. तिनं अगदी शुद्ध सरोवरबोलीत विचारलं, “आपली काय सेवा करू?” आणि स्वतःच दचकली. मग घरच्या भाषेत, एकेक शब्द शोधत, म्हणाली, “बाई, मला ते परत द्या.”

“काय?”

“तुम्ही काढलेलं.”

बाईंना सगळ्यांचे आवाज काढता येत. दीड वर्षं टकटक करून थांबवलेली ती हाक त्यांच्या कानात स्वच्छ होती. त्या गोट्यांवर उभ्या राहिल्या, छाती भरून घेतली आणि ओरडल्या. हाक पात्रभर घुमली, शेवटी वर उडाली.

“आता तू म्हण.”

हौसानं चोच उघडली. आवाज आला तो बेताचा, घोटलेला, शेवटी सपाट.

“शेवट वर ने,” बाई म्हणाल्या. त्यांची चोच सवयीनं शेजारच्या गोट्यावर आपटली, टकटक. हौसानं अंग आक्रसलं. बाईंनी चोच मागे घेतली आणि ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. थोड्या वेळानं त्यांनी हाक पुन्हा दिली, पहिलीपेक्षाही हुबेहूब.

पाठ करून बसलेली आई ताडकन उठली. पंख पसरून, ऊर फुटेस्तोवर उत्तर देत ती गोट्यांवरून धावत आली, हौसाच्या अंगावरून पुढे गेली आणि साळुंकीबाईंसमोर येऊन थांबली.